वसंताचे पहिले पाहुणे : बागेत बसून करायचा स्वाध्याय

वसंत आला हे आपल्याला बहुतेक वेळा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून कळते. माघातली वसंत पंचमी, फाल्गुनातली होळी, चैत्रातला पाडवा हे दिवस येतात आणि आपण म्हणतो, ऋतू बदलला. पण अंगणातल्या लिंबाने, कुंडीतल्या कढीपत्त्याने आणि समोरच्या पिंपळावर बसणाऱ्या तांबटाने दिनदर्शिका पाहिलेली नसते. त्यांचा वसंत त्यांच्या वेळेला येतो. तो पाहायचा असेल तर आपल्यालाच त्यांच्याजवळ जाऊन बसावे लागते.

श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला आपल्या विभूती सांगतात. पस्तिसाव्या श्लोकात ऋतूंचा विषय येतो, तेव्हा फुलांनी बहरलेल्या वसंताला ते आपले रूप म्हणतात. विभूती म्हणजे जिथे त्याची ओळख पटणे सोपे जाते अशी जागा. हा अध्याय आपल्यापैकी अनेकांच्या नित्यपठणात आहे. मग ज्या ऋतूत ओळख सोपी आहे असे सांगितले आहे, त्या ऋतूत आपण दिवसातून किती वेळ बाहेर पाहतो, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

या पाठात आपण तीन गोष्टींचा विचार करू. पहिले फुलपाखरू आणि पहिला पक्षी पाहायचा कसा, ओळखायचा कसा, आणि पाहिल्यानंतर आपल्याकडून कोणती वागणूक अपेक्षित आहे. यासाठी मोठी बाग हवी असे नाही. गॅलरीतल्या चार कुंड्या, सोसायटीच्या कुंपणालगतची झाडे किंवा मंदिराच्या आवारातला बेल पुरेसा आहे.

१. ‘पहिले’ कोणाला दिसते?

एखादी व्यक्ती सांगते, “आज मी या वर्षीचे पहिले फुलपाखरू पाहिले.” हे विधान खरे ठरण्यासाठी एक अट आहे. त्या व्यक्तीने काल पाहिलेले असले पाहिजे, परवा पाहिलेले असले पाहिजे, आणि त्या दोन्ही दिवशी फुलपाखरू दिसलेले नसले पाहिजे. जो अचानक एके दिवशी खिडकीबाहेर पाहतो, त्याला फुलपाखरू दिसते, पण ‘पहिले’ दिसत नाही. ‘पहिले’ हा शब्द वापरण्याचा अधिकार रिकाम्या दिवसांनी मिळतो.

साधनेतही असेच आहे. ध्यानाला बसल्यावर दहा दिवस काहीच घडत नाही असे वाटते आणि अकराव्या दिवशी मन थोडे स्थिरावते. त्या अकराव्या दिवसाची किंमत आधीच्या दहा दिवसांमुळे कळते.

वाणिज्य शाखेत हिशेब शिकताना अगदी सुरुवातीला रोजकीर्द शिकवतात. तिचा नियम सोपा आहे : व्यवहार ज्या दिवशी झाला त्याच दिवशी तारीख घालून नोंद करायची, नंतर आठवून नाही. बागेसाठीही अशीच एक साधी वही ठेवावी. तारीख, वेळ, काय दिसले, काय ऐकू आले. ज्या दिवशी काहीच दिसले नाही त्या दिवशी ‘काही नाही’ असे लिहावे. ही नोंद निरर्थक वाटते, पण पुढच्या वर्षी तीच सर्वांत उपयोगी पडते. लिंबाळी फुलपाखरू गेल्या वर्षी खरोखर कधी आले, हे त्या ‘काही नाही’ लिहिलेल्या ओळींमुळेच खात्रीने सांगता येते.

जागा एकच ठेवावी, वेळ एकच ठेवावी आणि दहा मिनिटे पुरेशी मानावीत. मोबाइल घरात ठेवावा. आज इथे, उद्या तिथे असे फिरत राहिलो तर जागा बदलल्याचा परिणाम आणि ऋतू बदलल्याचा परिणाम यांची सरमिसळ होते.

२. आधी कान, मग डोळे

भारतातल्या बऱ्याच भागांत वसंत आधी ऐकू येतो आणि नंतर दिसतो. यामागे सुंदर कारण आहे. डिसेंबरच्या २१-२२ तारखेनंतर दिवस मोठा होऊ लागतो. दिल्लीत वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे सव्वादहा तासांचा असतो, मुंबईत तो सुमारे अकरा तासांचा असतो. तिथून प्रकाश रोज थोडा थोडा वाढतो. पक्ष्याला ही वाढ फक्त डोळ्यांनीच कळते असे नाही. त्याच्या मेंदूच्या आतल्या भागातही प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपून येणारा प्रकाश त्यांच्यापर्यंत पोहोचतो. दिवसाची लांबी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की शरीरात विणीच्या हंगामाची तयारी सुरू होते. नराला कंठ फुटतो तो त्यामुळे. आपल्याला जे गाणे वाटते, ते वाढलेल्या प्रकाशाला शरीराने दिलेले उत्तर असते.

कान देऊन बसल्यावर पुढील पाच जणांची वाट पाहावी.

तांबट : ‘टुक, टुक, टुक’ असा एकसुरी, ठोके मारल्यासारखा आवाज. तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरावरूनच याला हे नाव मिळाले. थंडी ओसरू लागली की याचा आवाज वाढतो. आकार चिमणीपेक्षा थोडा मोठा, अंग हिरवे, कपाळ आणि छातीवर लाल, गळा पिवळा. वड, पिंपळ, उंबर यांची फळे हे त्याचे आवडते अन्न. घरटे तो वाळलेल्या, मऊ पडलेल्या फांदीत भोक पाडून करतो.

दयाळ : काळा-पांढरा, शेपटी वर उचलून बसणारा. थंडीत हा बहुतेक गप्प असतो. वसंताच्या सुमारास नर पहाटे उंच जागी, कधी विजेच्या तारेवर तर कधी गच्चीवरच्या टाकीवर बसून लांबलचक शीळ घालू लागतो. पहाटे जपाला उठणाऱ्यांना तो सहज भेटतो.

कोकीळ : ‘कुहू’ हा आवाज मादीचा नसून नराचा आहे. नर काळाभोर आणि लाल डोळ्यांचा, मादी तपकिरी आणि ठिपक्यांची. मादी ‘किक-किक-किक’ असे ओरडते. हा पक्षी कुठून तरी अचानक येतो असा समज आहे. पुष्कळ ठिकाणी तो वर्षभर तिथेच असतो, फक्त थंडीत गप्प राहतो. तो असतो, आपल्याला कळत नाही, एवढेच.

शिंपी : अंगठ्याएवढा हिरवट पक्षी, आवाज मात्र अंगाच्या मानाने फार मोठा. पाने शिवून त्यांच्या खोबणीत घरटे करतो. विणीच्या हंगामात नराच्या शेपटीतली मधली दोन पिसे लांब होतात.

जांभळा शिंजीर : फुलांतला मधुरस पिणारा हा लहान पक्षी वसंताचे सर्वांत स्पष्ट चिन्ह अंगावर वागवतो. विणीचा हंगाम संपल्यावर नराचा झळाळता रंग जातो आणि तो मादीसारखा पिवळट दिसू लागतो. गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा राहतो. थंडी संपत आली की नवी पिसे येऊ लागतात. त्या काही दिवसांत तो ठिगळ लावल्यासारखा, अर्धा पिवळा अर्धा जांभळा दिसतो. बदल पूर्ण झाल्यावरचे रूप सर्वांनाच दिसते, बदल चालू असतानाचे रूप रोज पाहणाऱ्याला दिसते.

३. नाव विचारण्याचे महत्त्व

काही साधकांना वाटते, नावात काय आहे, सौंदर्याचा आनंद घ्यावा. आनंद घ्यावाच, पण नाव विचारावे. डॉ. सालिम अली लहानपणी मुंबईत छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारत असत. एकदा पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हती. हा पक्षी कोणता, हे विचारण्यासाठी मामांच्या सांगण्यावरून ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. ही संस्था १८८३ साली स्थापन झालेली. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला पक्ष्यांचा संग्रह कपाटे उघडून दाखवला. तिथून पुढे १९४१ साली ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ हे पुस्तक आले आणि भारतात पक्षी पाहण्याची एक परंपराच उभी राहिली. एका मुलाने विचारलेल्या प्रश्नाने बंदूक बाजूला पडायला सुरुवात झाली.

मराठीतली नावे तर पाहण्याचीच फळे आहेत. तांबट, शिंपी, धोबी, सुतार ही नावे पक्ष्याचे काम पाहिल्याशिवाय सुचली नसती. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षीकोश’ रचून अशी असंख्य नावे आपल्यासाठी एकत्र केली. एखादे नाव कळले की तो पक्षी ‘एक पक्षी’ राहत नाही, ओळखीचा होतो. ओळखीच्या घराला धक्का लावताना हात थबकतो. अहिंसा अशी ओळखीतून सोपी होते.

४. फुलपाखरांचे पहिले दर्शन

फुलपाखराला आपल्यासारखी शरीराची कायम ऊब नसते. उडण्यासाठी लागणारे स्नायू तापल्याशिवाय ते नीट उडू शकत नाही. म्हणून सकाळी ते पंख पसरून उन्हात बसते. बागेत सकाळचे पहिले ऊन कुठे पडते ती जागा हेरावी आणि साधारण आठ ते अकराच्या दरम्यान तिथे बसावे. सूर्याला अर्घ्य देऊन झाल्यावर तिथेच दहा मिनिटे थांबले तरी हा अभ्यास होतो.

फुले पाहून फुलपाखरू येईल असे आपण मानतो. ते अर्धेच खरे आहे. फुलांवर ते मधुरसासाठी येते, पण मादी अंडी घालते ती विशिष्ट झाडाच्या पानांवर, कारण तिची अळी ठरावीक पानेच खाते. वसंतात झाडांना कोवळी पालवी येते आणि नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळीला कोवळे पानच कुरतडता येते. म्हणून पहिले फुलपाखरू शोधायचे असेल तर पालवीवर लक्ष ठेवावे.

आता एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्या पूजेत आणि स्वयंपाकघरात ज्या झाडांना मान आहे, त्यांतली कितीतरी झाडे फुलपाखरांचीही आहेत.

बेल, लिंबू आणि कढीपत्ता : यांच्यावर लिंबाळी नावाचे फुलपाखरू अंडी घालते. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके आणि मागच्या पंखांच्या आतल्या कडेला एक लाल ठिपका ही त्याची खूण. अंडे टाचणीच्या डोक्याएवढे, गोल आणि पिवळसर असते, एका जागी एकच. अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे कोणी तिच्याकडे फिरकत नाही. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते. तिला डिवचले तर डोक्यामागून दुभंगलेले शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. उबदार हवेत अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिन्याभरात होतो. महाशिवरात्रीला आपण ज्या बेलाची पाने काढतो, त्या झाडावर त्याच सुमारास हा प्रवास सुरू असू शकतो.

रुई : मारुतीला रुईच्या पानांची माळ घालण्याची प्रथा महाराष्ट्रात घरोघरी आहे. याच रुईवर बिबळ्या कडवा हे केशरी फुलपाखरू वाढते. रुईच्या चिकातली विषारी द्रव्ये अळीच्या अंगात साठतात आणि फुलपाखरातही उतरतात. ते बेचव आणि बाधक असल्याने पक्षी त्याला टाळतात. म्हणूनच ते घाई न करता संथ उडते आणि नवशिक्यालाही नीट पाहू देते.

बहावा : चैत्र-वैशाखात पिवळ्या फुलांनी लगडणाऱ्या या झाडाच्या कोवळ्या पानांवर फिकट पिवळी, वेगाने उडणारी फुलपाखरे अंडी घालतात. एका जागी न थांबता सरळ पुढे जाणे हा त्यांचा स्वभाव आहे.

आंब्यावरचे बांडगूळ : हळदीकुंकू नावाच्या फुलपाखराची अळी बांडगुळावर जगते. पंख मिटून बसले की खालच्या बाजूचे पिवळे आणि लाल ठिपके दिसतात, त्यावरून हे नाव. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत ते दिसले तर घरातल्या मुलांना जरूर दाखवावे, नाव आयुष्यभर लक्षात राहील.

महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉर्मन या मोठ्या निळ्या-काळ्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे ते देशातले पहिले राज्य. त्याची अळीसुद्धा लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते.

५. कुरतडलेले पान

इथे या पाठाचा मुख्य भाग येतो. पूजेसाठी आपण अखंड पान निवडतो, कुरतडलेले बाजूला ठेवतो. ती पूजेची शिस्त आहे आणि ती योग्यच आहे. पण बाजूला ठेवलेल्या पानाकडे पाहून आपल्या मनात काय येते? ‘कीड लागली’ असे आपण म्हणतो आणि संध्याकाळी फवारा आणतो. पुढच्या महिन्यात मुलांना सांगतो, “आजकाल फुलपाखरे दिसतच नाहीत.”

या दोन वाक्यांचा एकमेकांशी असलेला संबंध समजला नाही तर आपले सौंदर्यप्रेम अपुरे आहे. फुलपाखरू हवे आणि अळी नको असे होऊ शकत नाही. त्याच जिवाचे ते दोन वयातले रूप आहे. कडुनिंबाचा अर्क नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक आहे असेही समजू नये. तो अळीला कात टाकू देत नाही, मग ती फुलपाखराची असो वा दुसऱ्या कशाची.

पक्ष्यांचाही प्रश्न यातच आहे. शिंजीर मोठा झाल्यावर मधुरस पितो, पण पिल्लांना वाढवण्यासाठी तो किडे आणि कोळी आणतो. बुलबुल, दयाळ, शिंपी, चिमणी सगळ्यांचे तेच आहे. पिल्लाच्या अंगात मांस भरते ते अळ्यांमुळे. बागेतली प्रत्येक अळी मारली तर घरट्यातल्या पिल्लाचा घास काढला जातो. आपण बाहेर दाण्यांची वाटी ठेवली तरी तो घास भरून निघत नाही.

मग काय करावे? मोठ्या झाडाला पाच-दहा अळ्यांनी काही होत नाही, तिथे हात लावू नये. कुंडीतले रोप अगदी लहान असेल आणि चार अळ्या ते उघडे करतील असे वाटत असेल, तर पानासकट उचलून त्याच प्रकारच्या मोठ्या झाडावर ठेवाव्यात. लिंबावरची अळी लिंबावर, रुईवरची रुईवर. दुसऱ्या झाडावर ती उपाशी मरेल. कोशातून नुकते बाहेर आलेले फुलपाखरू लोंबकळत पंख वाळवत असेल तर त्याला मदत करू नये. त्या वेळी पंखांत द्रव भरला जात असतो आणि स्पर्शाने पंख कायमचे वाकडे होऊ शकतात.

आणि एखाद्या दिवशी आपण आठवडाभर पाहिलेली अळी बुलबुल उचलून नेईल. वाईट वाटेल. वाटू द्यावे. पण बुलबुलाला हाकलू नये. त्याच्याही घरट्यात कोणी वाट पाहत असते. अळी आपली आणि बुलबुल परका असे बागेत नसते. साक्षीभाव हा शब्द आपण नेहमी ऐकतो, त्याचा खरा सराव इथे होतो.

६. अवधूताची शाळा

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. तुझ्या आनंदाचे कारण काय, असे राजा विचारतो, तेव्हा अवधूत आपल्या चोवीस गुरूंची नावे सांगतो. परंपरा या अवधूताला दत्तात्रेय मानते. संत एकनाथांनी याच स्कंधावर मराठीत विस्तृत टीका लिहिली आणि १५७३ साली काशीत ती पूर्ण केली. त्या चोवीस गुरूंत कपोत आहे, मधमाशी आहे, पतंग आहे, कोळी आहे, कुंभारीण माशी आहे. म्हणजे आपल्या गॅलरीत येणारी मंडळीच आहेत.

कोळ्याचे उदाहरण घेऊ. तो आपल्यातूनच धागा काढतो आणि जाळे विणतो, नंतर ते स्वतःतच सामावून घेतो. त्यावरून ईश्वराने सृष्टी आपल्यातून निर्माण करणे आणि आपल्यात लीन करणे समजावले आहे. आता बागेत पाहा. शिंजिराची मादी लोंबते घरटे विणते तेव्हा वाळकी पाने, तंतू, सालीचे तुकडे एकत्र बांधण्यासाठी कोळ्याचे जाळेच वापरते. दिवाळीत आणि पाडव्याला आपण झाडूने जळमटे काढतो. घरातली जरूर काढावीत. पण कुंपणावरचे आणि झुडपातले एखादे जाळे वसंतात राहू दिले तर त्यावर कोणाचे तरी घर उभे राहते.

कुंभारीण माशीचा दृष्टान्त सर्वांना माहीत आहे : तिच्या घरात कोंडलेला कीटक तिचे चिंतन करता करता तिच्यासारखा होतो. निरीक्षण असे सांगते की ती अळीला दंश करून निश्चल करते, मातीच्या घरात ठेवते आणि तिथेच अंडे घालते. आतून बाहेर पडते ती तिचे पिल्लू, अळी त्याचे अन्न झालेली असते. यामुळे दृष्टान्त निकामी होत नाही. मन ज्याचे चिंतन करते तसे ते होते, हा त्याचा अर्थ आपल्या अनुभवाला येतोच. पण माशीविषयी बोलताना माशीचे खरे सांगावे आणि मनाविषयी बोलताना मनाचे. साधकाने दोन्हीकडे प्रामाणिक असावे. ज्याला डोळ्यांसमोरचे खरे पाहण्याची भीती वाटत नाही, त्याला आतले खरे पाहणेही पुढे सोपे जाते.

७. निरोपाचीही नोंद

वसंत म्हणजे फक्त आगमन नव्हे. आपल्या देशात तो मोठ्या प्रमाणावर निरोपाचाही ऋतू आहे. थंडीत आलेले पाहुणे मार्च-एप्रिलमध्ये परत जातात. शेपटी हलवत ओल्या जमिनीवर चालणारा धोबी, आवाराच्या भिंतीवर बसून शेपटी थरथरवणारा थिरथिरा हे हिमालयाकडे आणि त्याच्याही पलीकडे जातात. गुलाबी-काळी पळसमैना, म्हणजे भोरडी, पळस, पांगारा आणि काटेसावरीच्या फुलांवर थव्याने उतरते, मधुरस पिते आणि मध्य आशियाकडे निघून जाते. पहिला दिवस नोंदवणे सोपे असते, कारण त्या दिवशी काहीतरी घडते. शेवटचा दिवस मात्र त्या दिवशी कळत नाही. आठ दिवस धोबी दिसला नाही की वही मागे चाळावी लागते आणि मग लक्षात येते की गेल्या मंगळवारची भेट शेवटची होती. ज्यांच्याशी आपण रोज बोलतो त्या माणसांविषयीही हे आठवणीत ठेवावे.

देशाच्या निरनिराळ्या भागांत राहणाऱ्या वाचकांनी एकमेकांच्या तारखा जुळवण्याचा आग्रह धरू नये. दिल्ली-लखनौकडे जानेवारीच्या धुक्यात फुलपाखरे जवळजवळ नाहीशी होतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमधले त्यांचे पुनरागमन ठळक दिसते. इंदूर, बडोद्याकडे थंडी कमी कडक, म्हणून फरकही थोडा सौम्य. कोकण-गोव्यात काही फुलपाखरे वर्षभर दिसतात, तिथे संख्येतला बदल पाहावा. दक्षिणेत निळसर वाघ आणि त्यांच्या जातभाई फुलपाखरांचे मोठे थवे पावसाच्या चक्राबरोबर पूर्व आणि पश्चिम घाटांदरम्यान ये-जा करतात, त्यामुळे बंगळूरच्या वाचकाला उन्हाळ्याच्या तोंडावर वेगळेच दृश्य दिसू शकते. प्रत्येकाची रोजकीर्द वेगळी, प्रत्येकाची खरी.

अशा साध्या नोंदींना अभ्यासकांच्या लेखीही मोल आहे. दर फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ नावाची जागतिक पक्षीगणना होते. त्यात घराच्या गॅलरीतून पंधरा मिनिटे पाहून केलेली नोंदही स्वीकारली जाते. झाडांना पालवी कधी आली, फूल कधी आले याच्या नोंदी ‘सीझनवॉच’ या भारतीय उपक्रमात सामान्य नागरिक आणि शाळेतली मुले करतात. ऋतू पुढे-मागे सरकत आहेत का, हे सांगायला एका वर्षाची आठवण पुरत नाही, अनेकांच्या अनेक वर्षांच्या वह्या लागतात.

सात दिवसांचा अभ्यास

पहिला दिवस : जागा आणि वेळ ठरवावी. दहा मिनिटे बसावे. काहीही ओळखण्याची घाई नको.

दुसरा दिवस : डोळे मिटून फक्त ऐकावे. किती वेगळे आवाज आले तेवढे मोजावे.

तिसरा दिवस : सकाळचे पहिले ऊन कुठे पडते ते पाहावे आणि तिथे थांबावे.

चौथा दिवस : लिंबू, कढीपत्ता, बेल किंवा रुई यांपैकी एका झाडाची वीस कोवळी पाने दोन्ही बाजूंनी पाहावीत. अंडे किंवा अळी दिसली तर नोंद करावी, स्पर्श करू नये.

पाचवा दिवस : मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवावे, मांजर पोहोचणार नाही अशा जागी. पाणी रोज बदलावे, नाहीतर डास होतात. बागेचा एक कोपरा ओला ठेवावा. ओल्या मातीतले क्षार शोषण्यासाठी फुलपाखरे तिथे बसतात.

सहावा दिवस : या महिन्यात होणारी छाटणी आणि फवारणी आठवावी. झाडात घरटे असेल तर छाटणी पिल्ले उडेपर्यंत पुढे ढकलावी. धोका नसलेली एखादी वाळकी फांदी तांबटासाठी राहू द्यावी. सोसायटीत हे काम माळीदादा करत असतील तर त्यांना प्रेमाने सांगावे आणि ते घरटे दाखवावे. मात्र स्वतः पुन्हा पुन्हा घरट्याजवळ जाऊ नये, आपल्या मागे कावळ्यालाही वाट दिसते.

सातवा दिवस : वही वाचावी. सहा दिवसांत न दिसलेली कोणती गोष्ट आज दिसली, ते लिहावे.

मननासाठी प्रश्न

माझ्या घराच्या आसपास वाढणाऱ्या किती झाडांची आणि किती पक्ष्यांची नावे मला माहीत आहेत?

मला आवडणाऱ्या गोष्टींचे फक्त सुंदर रूप मला हवे असते का? त्यांच्या अळीच्या अवस्थेशी, म्हणजे शिकणाऱ्या, चुकणाऱ्या, खूप मागणाऱ्या अवस्थेशी मी कसा वागतो? घरातली लहान मुले आणि नव्याने साधनेला आलेली मंडळी यांच्या बाबतीतही हा प्रश्न विचारावा.

या महिन्यात कोण आले हे मला कळले. कोण निघून गेले, हे कळले का?

स्वाध्याय गटात या पाठाची चर्चा करताना प्रत्येकाने आपल्या वहीतली एक नोंद वाचून दाखवावी, ‘काही नाही’ अशी असली तरी चालेल. आणि बेलाचे कुरतडलेले पान हाती आले, तर ते टाकण्याआधी एकदा उलटून पाहावे.